गाडीचे शॉकअप आणि सासूबाईंची पाठ

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. कराडहून चिपळूणला परत येत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी हे, मागच्या सीटवर सासूबाई. हेळवाक, कोयनानगर मागे टाकलं आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो. पावसाची रिपरिप, समोर धुकं, रस्त्यावर ठिगळांवर ठिगळं. एका वळणावर समोरून एसटी आली म्हणून मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं आणि मागची बाजू त्या ठिगळांवर टणाटण उड्या मारत बाहेरच्या अंगाला सरकली. अगदी वीतभरच. एसटी निघून गेली, आम्हीही निघालो. पण मागून सासूबाईंच्या तोंडून जे "आई गं" निघालं, ते अजून माझ्या कानात आहे.

सासूबाईंचं वय ७८. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून पडल्या, तेव्हापासून मणक्याचं हाड दबलंय. दर दीड-दोन महिन्यांनी कराडच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. जाऊन-येऊन दोनशेएक किलोमीटर. त्या दिवशी घरी आल्यावर त्या कॉटवर आडव्या झाल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "अगो, गाडी आहे की होडी? मी काही आता कराडला यायची नाही. तुम्हीच जा नि गोळ्या घेऊन या."

आमच्याकडे सासूबाई एकदा "नाही" म्हणाल्या की विषय संपला. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या खेपेला नवा एक्स-रे बघितल्याशिवाय औषध बदलता येणार नाही. म्हणजे आता एक तर सासूबाई बदलायला हव्यात, नाही तर गाडी. सासूबाई बदलणं माझ्या हातात नव्हतं!

सल्ल्यांचा पाऊस

आमची गाडी म्हणजे बोलेरो. २०१२ साली घेतलेली, जवळपास सव्वा लाख किलोमीटर पळालेली. कंपनीतून आली तशीच आहे, तिला काही म्हणजे काही वेगळं लावलेलं नाही. तिच्या मागच्या चाकांवर बैलगाडीला शोभतील असे लोखंडी पाटे आहेत, त्यामुळे ती गादीसारखी चालावी अशी अपेक्षा कधीच नव्हती. पण इतकी वाईट तीही कधी चालली नव्हती.

झालं, घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. हे म्हणाले, "आईला फोमची जाड उशी घेऊ." शेजारचे काका म्हणाले, "विकून टाका, छोटी गाडी घ्या." नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याला गाड्यांचं भारी वेड. तो म्हणाला, "मामी, मस्त ऑफरोडचे शॉकअप टाकू. गाडी दोन इंच उचलून घेऊ. एकदम रणगाडा!" आणि आमचे मिस्त्रीभाऊ गाडीखाली डोकावून एवढंच म्हणाले, "वैनी, शॉकअप गेलेत."

आता खरं सांगू का मैत्रिणींनो? बारा वर्षं मी गाडी चालवतेय. भाजीला, शाळेत, माहेरी, दवाखान्यात. पण हे शॉकअप म्हणजे नेमकं काय आणि ते "जातात" म्हणजे कुठे जातात, हे मला ठाऊक नव्हतं. गाडीचा विषय निघाला की आपण चहा टाकायला आत जातो ना, तसंच माझंही होतं. पण या खेपेला मात्र मी मिस्त्रीभाऊंच्या गॅरेजात स्टूल टाकून बसले आणि म्हटलं, "भाऊ, मला नीट समजावून सांगा. चहा तुम्हीच मागवा."

सोऱ्याचं गणित

गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही. ते काम स्प्रिंगचं. आमच्या गाडीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आहे आणि मागे पाटे. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि परत उसळते. पण स्प्रिंगला थांबायचं कळत नाही. एकदा दबली की ती वर-खाली, वर-खाली होतच राहते. हा नाच थांबवायचा म्हणून प्रत्येक चाकाजवळ एक नळकांडं बसवलेलं असतं. ते म्हणजे शॉकअप, पुस्तकी नाव शॉक ॲब्सॉर्बर.

त्याच्या आत तेल असतं आणि दांड्याला लावलेली एक चकती. त्या चकतीला बारीक भोकं आणि झडपा. दांडा वर-खाली झाला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. मी पटकन म्हटलं, "म्हणजे चकलीचा सोऱ्याच की!" मिस्त्रीभाऊ हसले, पण मानेनं हो म्हणाले. सोऱ्या सावकाश दाबला तर पीठ मुकाट बाहेर येतं. घाईनं दाबायला गेलं की तळहात दुखतो, पीठ अडून बसतं. शॉकअपचंही तसंच. झटका जेवढा जोराचा, तेवढा तो जास्त अडवतो. त्या अडवण्यात उसळीचा जोर तेलाच्या उष्णतेत जिरतो. म्हणून लांबून खडबडीत रस्त्यानं आल्यावर चांगला शॉकअप हाताला कोमट लागतो आणि मेलेला गारच राहतो.

मग तो जातो म्हणजे काय होतं? दांड्याभोवतीचं सील झिजतं, तेल गळतं. किंवा आतल्या झडपा सैल होतात. शेवेची ताटली घातलेल्या सोऱ्यात ताटलीच फुटली तर पीठ भदकन् खाली पडेल, तसं तेल अडतच नाही. स्प्रिंग मोकाट सुटते.

आणि प्रश्न नुसत्या आरामाचा नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. चाक उडतं म्हणजे काही क्षण ते रस्त्याला टेकलेलंच नसतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? त्या दिवशी घाटात गाडी मागून सरकली ती याच कारणानं. ओला रस्ता, मेलेले शॉकअप आणि वळणावर दाबलेला ब्रेक. मला वाटत होतं दुखणं सासूबाईंच्या पाठीचं आहे. ते आम्हा तिघांच्या जिवाचं होतं.

घरच्या घरी बघता येतं

शॉकअप एका दिवसात जात नाहीत. रोज थोडे थोडे जातात आणि आपल्याला त्या गाडीची सवय होत जाते. चष्म्याचा नंबर वाढतो तसं. म्हणून अधूनमधून मुद्दाम बघायला हवं. मिस्त्रीभाऊंनी दाखवलेल्या या खुणा कुणालाही बघता येतील:

- चाकामागे वाकून बघा. शॉकअपवर नुसता धुळकट ओलसरपणा असेल तर चिंता नको. तेलाचे ओघळ असतील तर तो गेला.
- गाडी सपाटीवर उभी करून एक कोपरा अंगातलं बळ लावून दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन बसली तर ठीक. डोलत राहिली तर शंका घ्या. पाट्याच्या मागच्या बाजूला ही परीक्षा फारशी उपयोगाची नाही, पाटे एकमेकांवर घासून आपोआप थांबतात.
- टायरवरून तळवा फिरवा. वाट्यावाट्यांसारखी झीज लागली तर ते चाक नाचतंय. आमच्या मागच्या डाव्या टायरला अशा वाट्या पडल्या होत्या.
- ब्रेक लावल्यावर नाक फार खाली जातं का, वळणावर गाडी कलते का, गतिरोधक ओलांडल्यावर दोन-तीन वेळा डुलते का, याकडे लक्ष ठेवा.
- "खट खट" आवाज असेल तर शॉकअप चांगला असून त्याच्या कडीतलं रबर, म्हणजे बुश, गेलेलं असू शकतं. ते थोडक्या पैशांत बदलतं.

आणि या सगळ्याच्या आधी एक फुकटचा उपाय: टायरमधली हवा बघा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात आणि बहुतेक गाड्यांच्या दाराच्या चौकटीवर किती हवा भरायची ते लिहिलेलं असतं. आमच्या टायरमध्ये कितीतरी जास्त हवा निघाली. "घाटात जाताय ना, असू द्या थोडी जास्त" असं म्हणून पंपावरचा मुलगा भरत होता आणि आम्ही भरून घेत होतो! हवा बेतात आणल्यावर शहरातले बारीक धक्के लगेच कमी झाले. घाटातलं टणाटण मात्र तसंच राहिलं.

माझी पहिली चूक

इथे मी शहाणपणा केला. चारपैकी एकच शॉकअप गळत होता, मागचा डावा. म्हटलं, एकच बदलू, उगाच चार कशाला? त्यात कुणीतरी सांगितलं की एका दुकानात जुने शॉकअप उघडून, नवं तेल-सील घालून, रंग मारून अर्ध्या किमतीत मिळतात. मिस्त्रीभाऊ गावाला गेले होते. मी दुसऱ्याच गॅरेजात तो बसवून घेतला आणि घरी येऊन यांना ऐटीत सांगितलं, "बघा, कितीत भागवलं!"

सात आठवड्यांत तो परत गळायला लागला. त्याहून वाईट म्हणजे ते सात आठवडे गाडी एका अंगाला ताठ आणि दुसऱ्या अंगाला सैल अशी चालत होती. मिस्त्रीभाऊ परत आल्यावर म्हणाले, "वैनी, एका पायात नवी चप्पल नि दुसऱ्या पायात झिजलेली घालून चालाल काय?" शॉकअप जोडीनंच बदलायचे. पुढचे दोन्ही, नाहीतर मागचे दोन्ही. शक्य असेल तर चारही. हा नियम मी पैसे मोजून शिकले, तुम्ही फुकट शिका.

रणगाडा की पालखी?

आता चार नवे घ्यायचे ठरलं. पण कुठले? इथे भाचा पुन्हा पुढे सरसावला. त्याच्या मित्राच्या गाडीला परदेशी बनावटीचे जाड शॉकअप बसवले होते, सोबत कडक स्प्रिंगा, गाडी उचललेली. दिसायला खरंच राजबिंडी. मी म्हटलं, "अरे, मला आधी मागच्या सीटवर बसून फिरव." मित्र बिचारा चांगला, त्यानं फिरवलं. बाजारपुलापर्यंत गेलो नि आलो. रस्त्यावरचा प्रत्येक खडा मला माझ्या दाढांत मोजता आला.

यात त्या वस्तूचा दोष नाही बरं का. ते शॉकअप आहेतच मुळी वेगळ्या कामासाठी. गाडीला लोखंडी बंपर, टपावर सामान, मागे पाण्याचे कॅन, अशी दीड-दोनशे किलोंची भर पडली आणि रोज दगडधोंड्यांतून जायचं असलं, तर कडक स्प्रिंग लागते आणि कडक स्प्रिंगला आवरायला कडक शॉकअप. पण मऊ स्प्रिंगला तेवढा ताठ शॉकअप लावला तर तो बारीक खड्ड्यात दबतच नाही, धक्का सरळ सीटवर पाठवतो. शिवाय उचललेल्या गाडीचा शॉकअप लांबीला जास्त असतो. तो न उचललेल्या गाडीला बसवला तर मोठ्या खड्ड्यात त्याचा दांडा तळाला आपटतो आणि आतून फुटतो.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, म्हणजे उत्पादकानं मुळात ठरवून दिलेल्या, तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. गाडी उचलण्यासारखे उद्योग केले आणि पुढे काही झालं, तर विम्याच्या दाव्यातही तंटा उभा राहू शकतो. जुना शॉकअप काढून त्याच मापाचा नवा लावणं म्हणजे मात्र नुसती दुरुस्ती. त्यात कसलीच अडचण नाही.

मग दुकानदार, मिस्त्री, भाचा, सगळ्यांच्या तोंडी एक शब्द होता, "गॅसचे." मला वाटायचं गॅसचे म्हणजे त्यात तेल नसतंच. तसं नाही. तेल दोन्हींत असतं. साध्या शॉकअपमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात आणि वर थोडी हवा. सतत आणि जोरात हलून तेल तापलं की त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो. फेस काही भोकातून जाताना अडत नाही, म्हणून तेवढा वेळ शॉकअप ढिला पडतो. हवेऐवजी थोड्या दाबानं नायट्रोजन भरला की फेस कमी होतो. हे झाले दोन नळ्यांचे गॅसवाले. तिसरा प्रकार एकाच नळीचा. त्यात नायट्रोजन फार मोठ्या दाबाखाली असतो आणि मधल्या सरकत्या चकतीमुळे तो तेलापासून वेगळा राहतो. तो लवकर थंड होतो, लांब खडतर वाटेवर दमत नाही. पण सहसा चालतो ताठ आणि असतो महाग. बाहेरून दगड लागून नळीला पोचा पडला तर आतली चकतीच अडकते.

म्हणजे "सर्वात चांगला शॉकअप कुठला" हा प्रश्नच चुकीचा. पुरणपोळीला कुठलं पीठ चांगलं नि भाकरीला कुठलं, असं विचारायला हवं.

वहीच्या पानावरची यादी

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी मुलाच्या जुन्या वहीच्या पानावर लिहायला बसले. गाडी कशी दिसावी ते नाही, गाडी खरोखर कशी वापरतो ते.

महिन्याला साधारण आठशे-नऊशे किलोमीटर. जवळजवळ सगळा डांबरी रस्ता, खड्डे धरून. महिन्या-दोन महिन्यांतून घाट. बहुतेक वेळा तीन माणसं. गणपतीत आणि शिमग्याला सात. माल म्हटला तर वर्षातून एकदा आंब्याच्या पेट्या. टायर कंपनीच्या मापाचे, स्प्रिंग कंपनीची, उंची कंपनीची. आणि सर्वात खाली, अधोरेखित करून: सासूबाईंची पाठ, घाटातला ब्रेक.

ते पान मी मिस्त्रीभाऊंपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मग वैनी, उत्तर तुम्हीच लिवलंय की. कंपनीनं दिलेला होता तसाच घ्या." रोज माल भरून घाट चढणारी गाडी असती तर ते दोन नळ्यांच्या गॅसवाल्यांना हो म्हणाले असते. आमच्या वापराला त्याची गरज नव्हती. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी तिच्या वजनाला आणि स्प्रिंगला बेतूनच मूळ शॉकअप ठरवला होता आणि तो लाखभर किलोमीटर निमूट चालला होता. या व्यवसायातले लोक सांगतात की ऐंशी हजारांच्या पुढे शॉकअप बारकाईनं तपासत राहावं. आम्ही तर तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं!

भाचा जरा हिरमुसला. म्हटलं, "अरे, तुझी गाडी घेशील तेव्हा कर रणगाडा. या गाडीत पालखी न्यायची आहे."

दुकानात

खरेदीला मीच गेले. काउंटरवरचा मुलगा आधी माझ्यामागे कुणी पुरुष येतोय का ते बघत होता. मी आरसी बुक पुढे ठेवलं आणि म्हटलं, "चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा." एकाच नावाची गाडी वर्षानुवर्षं बनत असते, मधे भाग बदलतात. नुसतं "बोलेरोचा द्या" म्हटलं तर चुकीचा हातात पडायचा.

गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यातला माल घ्यावा की शॉकअप बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा? दोन्ही चालतात. गाडी बनवणाऱ्या कंपन्या शॉकअप बहुधा दुसऱ्यांकडून बनवून घेतात. आपल्याकडे गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ पासून या धंद्यात आहे, चाकणला आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत. मनरो, केवायबी ही नावंही दुकानात ऐकू येतात. नाव कुठलंही असो, तो पार्ट नंबर आपल्या गाडीसाठी आहे ना, एवढं पडताळा. डबा सीलबंद आहे का, त्यावर किंमत, महिना-वर्ष आणि पार्ट नंबर स्वच्छ छापलाय का, शॉकअपवर कोरलेला नंबर डब्यावरच्याशी जुळतो का, हे बघा. आणि पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर वॉरंटी नुसती तोंडाची वाफ.

मी चार शॉकअप घेतले आणि त्यांचे नवे बुश. मजुरी, चाकांचं अलाइनमेंट सगळं धरून दहा हजारांच्या आतबाहेर गेले. रणगाड्याचा खर्च याच्या कितीतरी पट होता.

इथे ज्यांच्याकडे अलीकडच्या, शहरी एसयूव्ही आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. ब्रेझा, क्रेटा अशा गाड्यांच्या पुढच्या बाजूला शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात, त्याला स्ट्रट म्हणतात. तो उघडायला स्प्रिंग यंत्रात दाबून धरावी लागते. ती निसटली तर माणूस जायबंदी होतो. ते काम योग्य अवजार असलेल्या गॅरेजातच करून घ्या.

बसवताना उभी राहिले

गॅरेजात मी पूर्ण वेळ उभी राहिले. संशय म्हणून नव्हे, शिकायचं म्हणून. मिस्त्रीभाऊंनी प्रत्येक नवा शॉकअप आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबला नि ओढला. डब्यात आडवा पडून आतली हवा चुकीच्या जागी गेलेली असते, ती अशी निघते. मग बसवला. पण बुशचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी जॅकवरून खाली, चाकांवर टेकल्यानंतर. चाक हवेत लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. मला वाटलं, ब्लाउजचं माप हात वर करून घेतलं तर जसं होईल तसंच हे!

काढलेला जुना शॉकअप त्यांनी माझ्या हातात दिला. दांडा दाबला तर लोण्यात बोट जावं तसा आत गेला. नवा मला दोन्ही हातांनी रेटूनही सावकाशच हलत होता. असा फरक घेऊन आम्ही घाट उतरत होतो.

पुन्हा कुंभार्ली

आता राहिली खरी परीक्षा. सासूबाईंना राजी करणं. आधी मी त्यांना गुहागर रोडनं थोडं फिरवून आणलं. काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ होकार.

कराडला निघालो तेव्हा त्यांना मधल्या सीटवर, पुढच्या नि मागच्या चाकांच्या बरोबर मधे बसवलं. गाडीत सर्वात कमी हिसका तिथे लागतो. मागच्या चाकांवरच्या आडव्या सीटवर पाठीचं दुखणं असलेल्या माणसाला कधीच बसवू नका. कमरेमागे यांनी आणलेली उशी होती. तिचाही मान ठेवायला हवा ना!

खोटं कशाला सांगू, गाडी काही विमान झाली नाही. पाटे ते पाटेच. मोठा खड्डा आला की अजूनही दणका बसतोच. फरक एवढा की दणका एकदा बसतो आणि संपतो, त्याच्यामागून चार उसळ्या येत नाहीत. परतीला तेच वळण आलं, तीच ठिगळं. मी मुद्दाम आधीच वेग कमी केला आणि हळूच ब्रेक दाबला. मागची चाकं रस्ता धरून राहिली. मी आरशात बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत आमसुलाची गोळी चघळत होत्या.

त्या खेपेला डॉक्टरांनी नवा एक्स-रे बघितला आणि त्यांचं औषध बदललं. म्हणाले, "आणलंत ते बरं केलंत. नुसत्या गोळ्या नेल्या असत्यात तर हे कळलं नसतं." आता पुढची तारीख सासूबाईंनी आपणहून कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

गाडीच्या कप्प्यात मी बिल ठेवलंय आणि त्याच्या पाठीवर शॉकअप बदलले तेव्हाचा किलोमीटरचा आकडा. आता दर वीस हजारांनी वाकून बघायचं, असं ठरवलंय. परवा शेजारच्या वैनी विचारत होत्या, "तुमची गाडी आता आवाज करत नाही ती? काय केलंत?" मी चहा टाकला, पण या वेळी बोलायला बाहेरच बसले. सोऱ्याही सोबत घेऊन.